पॅडलफिशवरचा अर्धा झाडू

मी एक जुना झाडू आहे. खरं सांगायचं तर तेवढाही उरलेलो नाही. अर्धा म्हणा, म्हणजे हिशेब बरोबर होईल. काड्या शाबूत आहेत, पण दांडा जेमतेम हातभर. मला घेऊन केर काढायचा तर माणसाला रांगावं लागेल, म्हणून कोणी काढत नाही. इलिनॉयमधल्या एका बेकरीत, पावांच्या फळीवर, दोन खिळ्यांच्या आधाराने मी टांगलेला असतो. शाळा सुटली की तुमच्याएवढी मुलं डोनट खायला येतात आणि साखरेने माखलेलं बोट माझ्याकडे करून विचारतात, "याचा बाकीचा कुठंय?"

बेकरीचे मालक बर्ल हॅचर यावर दर वेळी एकच उत्तर देतात. ते मी शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर, मित्रांनो, तुम्ही डोनट घेऊन चालते व्हाल.

माझा जन्म इथलाच. ज्वारीची एक जात असते, तिला दाणे नावापुरते आणि काड्या मात्र लांबसडक. त्या काड्या तारेने आवळून, दोऱ्याने शिवून मला बांधलं ते बर्लच्या मामांनी. त्यांचं नाव एझ्रा मॉफिट. सातव्या वर्षी आलेल्या तापात त्यांची दृष्टी गेली होती. म्हणजे ज्याने मला घडवलं, त्याने मला कधी पाहिलंच नाही. यात माझा काही तोटा झाला असं मला वाटत नाही. मामा दांड्यावरून अंगठा फिरवायचे आणि केसाएवढा उंचवटा लागला तरी थांबायचे.

"डोळे घाई करतात रे बर्ल," ते म्हणायचे. "अंगठा करत नाही."

लहानपणी बर्ल त्यांच्याजवळ बसून डोळे मिटायचा आणि दांडे तासायचा. दांडा काड्यांत घट्ट बसला पाहिजे, पण ठोकायचा नाही, ठोकला की काड्या फुटतात. नुसता दाबायचा आणि फिरवायचा. बर्लला ते जमलं. पुढे तो नौदलात आचारी झाला. जपानशी युद्ध ऐन भरात असताना रजा संपवून तो निघाला तेव्हा मामांनी मला त्याच्या हातात दिलं. बाकीचे खलाशी परतताना प्रेयसीचे फोटो नेत होते. बर्लने झाडू नेला. आगगाडीत तीन दिवस माझ्याकडे एवढ्या लोकांनी वळून पाहिलं, की मला उगाचच मोठेपणा वाटू लागला.

आमच्या पाणबुडीचं नाव पॅडलफिश. ऐंशी माणसं, चोवीस टॉर्पेडो, दोन संडास आणि एक आईस्क्रीमचं मशीन. यांतल्या कशाला सगळ्यात जास्त जपायचे ते सांगत नाही. जागेची टंचाई एवढी, की माणसं टॉर्पेडोंच्या डोक्यावर झोपायची. दोन महिन्यांचं अन्न जमिनीवर पसरलेलं असायचं: खाली डबे, वर फळ्या, आणि त्या फळ्यांवरून ये-जा. जमीन दिसायची ती खात खात खाली पोचल्यावर. त्यामुळे पहिला महिनाभर मला झाडण्यासारखं तिथं काही नव्हतंच. मी भटारखान्यात, चुलीशेजारी कडीला टांगून राहिलो.

मला आणलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. पाणबुड्यांमध्ये एक रीत होती. एखाद्या बोटीने ज्या ज्या जहाजावर टॉर्पेडो सोडले ते प्रत्येक बुडवलं, एकही निसटू दिलं नाही, तर तिने बंदरात शिरताना पेरिस्कोपच्या टोकाला झाडू बांधायचा. म्हणजे समुद्र झाडून आलो. आमची बोट याआधी दोनदा गस्तीवर जाऊन हात हलवत परत आली होती. पहिल्या खेपेला टॉर्पेडो फुटलेच नाहीत, दुसऱ्या खेपेला सात आठवडे फक्त पाऊस दिसला. तिसऱ्या खेपेलाही असंच झालं, तर कॅप्टन प्रुइटना बोटीवरून उतरवून मुख्यालयातल्या खुर्चीवर बसवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस शांत, पातळ केसांचा, कॉफीत मीठ टाकून पिणारा. खलाशांचा त्यांच्यावर जीव होता. बर्लचा जरा जास्तच, कारण प्रत्येक ताटाला "छान झालंय" म्हणणारे ते एकटेच.

पण चूक बर्लचीच झाली. झाडू काम फत्ते झाल्यावर शोधायचा असतो. आधीच घेऊन निघालं, की समुद्राला राग येतो अशी सगळ्या खलाशांची पक्की समजूत. आणि बोटीवरचे सगळ्यात जुने खलाशी, चीफ क्रॉनिन, या समजुतींचे रखवालदार.

"हॅचर, हे काय आहे?" मला पाहताच त्यांनी विचारलं.

"झाडू आहे, चीफ."

"ते दिसतंय मला. अजून मासा गळाला लागला नाही, आणि तू मसाला वाटून बसलायस?"

"कॅप्टनसाहेबांसाठी आणलाय. या खेपेला हा वर चढणारच."

"आणि नाही चढला तर?"

बर्लने चुलीवरचा रस्सा ढवळला आणि शांतपणे म्हणाला, "तर मी हा उकडून खाईन."

बोटीवर काहीही लपून राहत नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत मला कशासोबत वाढावं यावर चर्चा रंगली होती. मोहरीच्या चटणीला बहुमत मिळालं. मित्रांनो, तुम्हाला हसू येत असेल. पण ज्याच्यावर चटणी ओतायचं ठरलंय, त्याच्या बाजूने एकदा विचार करून पाहा.

आम्ही लुझॉन बेटाच्या उत्तरेच्या सामुद्रधुनीत पोचलो. जपानी जहाजांचे ताफे तिथून तेल आणि तांदूळ घेऊन जात. आम्ही दिवसा पाण्याखाली थांबायचो, अंधार पडला की वर यायचो. आणि तिथे, भटारखान्याच्या कडीला लटकून, मी पहिल्यांदा समुद्र ऐकला.

मित्रांनो, समुद्र मुका असतो असं वाटायचं मला. तो कधी गप्प बसतच नाही. उथळ पाण्यात लाखो कोळंब्या नांग्या वाजवतात, आणि पोलादी भिंतीतून तो आवाज कढईत काही तडतडावं तसा येतो. पहिल्या दिवशी बर्ल धावत चुलीकडे आला होता. देवमासे जवळून जायचे तेव्हा सगळी बोट एखाद्या मोठ्या घशात बसल्यासारखी घुमायची. एका देवमाशाने चाळीस मिनिटं आमच्याशेजारून पोहत काहीतरी विचारलं. आम्हाला उत्तर माहीत नव्हतं. आवाज ऐकायच्या यंत्रावर बसणाऱ्या लुबिन्स्कीने कानावरचे फोन काढले आणि त्या पोलादी भिंतीलाच कान लावला.

एक आठवडा गेला. दुसरा गेला. एक धुराडंसुद्धा दिसलं नाही. धूर शोधणारे कमी आणि दोषी शोधणारे जास्त झाले. दोषी म्हणजे मी. येताजाता मला कोपर मारायचे. चीफ क्रॉनिन फावल्या वेळात चाकूने लाकूड कोरत बसायचे, तेही चाकू माझ्याकडे रोखून म्हणायचे, "याला एकदा समुद्रात सोडला, की संध्याकाळपर्यंत ताफा हजर होईल."

"चीफ, हा गेला तर त्याच्यासोबत आईस्क्रीमच्या मशीनची मूठही जाईल," बर्ल म्हणायचा. धमकी लागू पडायची.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी कॅप्टन स्वतः कॉफी घ्यायला आले. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "हाच का तो?"

"हो साहेब."

"कोणी बांधलाय? शिवण फार सरळ आहे."

"मामांनी, साहेब. आंधळे आहेत ते."

कॅप्टननी माझ्या शिवणीवरून हात फिरवला. "असं का," ते म्हणाले. "आपणही पाण्याखाली तसेच आहोत. ऐकायचं, चाचपायचं, आणि घाई करायची नाही." मग कॉफीत मीठ टाकलं, एक घोट घेतला, म्हणाले, "छान झालीय," आणि निघून गेले.

अडतिसाव्या दिवशी, उजाडता उजाडता, पेरिस्कोपमध्ये धूर दिसला. तीन मालवाहू जहाजं, आणि त्यांच्याभोवती फिरणारी, पाणबुड्या टिपणारी एक विनाशिका. बोटीत धावपळ व्हावी असं तुम्हाला वाटेल. झाली नाही. ऐंशी माणसं एकदम हळू बोलू लागली, एवढंच. बर्लने चूल विझवली आणि मला कडीवर नीट सरळ केलं.

सहा टॉर्पेडो गेले. प्रत्येक जाताना बोट उचकी लागल्यासारखी दचकली. मग वाट बघणं. मोठ्या माणसांना एवढ्या शांतपणे सेकंद मोजताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि मग आवाज आला: एक, दोन, आणि जरा वेळाने तिसरा. दोन जहाजांना लागले होते.

खलाशांनी तोंडं उघडली होती, ओरडायला. पण त्याआधीच पाण्यातून दुसरा आवाज आला. जहाज मोडताना काय होतं ते मी सांगू शकेन असं वाटत नाही. पोलाद किंचाळतं, बंद कप्पे एकेक करून फुटतात, आणि ते सगळं हळूहळू आपल्याजवळून खोल, खोल उतरत जातं. ज्यांच्यासाठी आम्ही अडतीस दिवस थांबलो होतो ते हेच. कोणी ओरडलं नाही. त्या जहाजांवरही भटारखाना असणार, हे बर्लच्या तोंडावर मला दिसलं. लुबिन्स्कीने फोन काढले नाहीत, कारण त्यांच्यात आता आणखी एक आवाज येत होता. विनाशिका आमच्याकडे वळली होती.

आम्ही खोल गेलो. साडेतीनशे फूट. पंखे बंद, पंप बंद, शीतकपाट बंद, आईस्क्रीमचं मशीन बंद. आवाज वर ऐकू जाऊ नये म्हणून सगळ्यांनी बूट काढले. वरून स्फोटकांची पिंपं पडायला लागली. पहिल्या स्फोटात दिव्यांच्या काचा फुटल्या, दुसऱ्यात उरलेले दिवे गेले, आणि तिसऱ्यात चुलीमागची एक नळी तुटली.

अंगठ्याएवढं भोक. तेवढ्यातून पाणी आलं ते काठीसारखं. त्या काठीने बर्लला छातीत ढकलून समोरच्या टेबलावर आपटलं. मिट्ट काळोख, बर्फासारखं पाणी, आणि फळ्यांच्या खालीच बोटीच्या बॅटऱ्या. खारं पाणी बॅटरीपर्यंत पोचलं, की विषारी वायू सुटतो आणि मग वर जावंच लागतं. वर ती विनाशिका वाट बघत होती.

"बुचांची पेटी!" कोणीतरी कुजबुजलं.

अशा वेळेसाठी प्रत्येक कप्प्यात लाकडी बुचांची पेटी असते. चीफ क्रॉनिन चाचपडत तिच्यापर्यंत पोचले, पण ती उघडेनात.

"चीफ, लवकर! मोठं बूच द्या."

"हॅचर," काळोखातून चीफचा आवाज आला. तसा आवाज त्यांनी बहुतेक चर्चमध्येही कधी काढला नसेल. "यात बुचं नाहीत."

"मग काय आहे?"

"बुद्धिबळ."

मित्रांनो, कंटाळा ही फार घातक गोष्ट आहे. सदतीस दिवस चीफ जे लाकूड कोरत होते, ते या बुचांचंच. बर्लच्या हातात काहीतरी आलं. त्याने अंगठ्याने चाचपून पाहिलं: आयाळ, दोन कान.

"हा घोडा आहे, चीफ."

"वजीर बघ. वजीर जाड आहे."

वजीर लावला. पाण्याने तो उडवला, आणि काळोखात कोणाच्या तरी कपाळावर तो बसल्याचा आवाज आला. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.

तेव्हा बर्लचा हात माझ्यावर पडला.

करवत दूर होती, कुऱ्हाडीचा आवाज विनाशिकेला ऐकू गेला असता. त्याने पावाची सुरी घेतली. पण शांततेत सुरीचा घासल्याचा आवाजसुद्धा मोठा. म्हणून वर स्फोट झाला की कापायचं, समुद्र घुमत असेपर्यंत तीन-चार हात मारायचे, आणि मग थांबायचं. पुढच्या स्फोटाची वाट बघत. जे आम्हाला मारायला येत होतं, त्याचीच आम्ही वाट बघत होतो.

"टाक रे बाबा, आणखी एक टाक," चीफ पुटपुटले. ती टाकत होती. तिच्या मेहनतीला तोड नव्हती.

मला दुखलं का, असं मुलं विचारतात. आठवत नाही. मला फक्त अंगठा आठवतो. दांड्याचा तुकडा निघाल्यावर बर्लने त्याचं टोक तासलं, आंधळ्या मामांच्या घरी तासायचा तसं. तासायचं, अंगठा फिरवायचा, पुन्हा तासायचं. पाणी पोटरीपर्यंत आलं. चीफचा श्वास फुलला होता. "झालं का? झालं का रे?" बर्लने आणखी एक पातळ थर तासला. घाई केली नाही. साडेतीनशे फूट खोल काळोखात, सगळ्या जगाला घाई झालेली असताना, तो डोळे मिटून बसल्यासारखा अंगठा फिरवत होता. मी तेव्हा अर्धा झालो होतो, पण एवढा मोठा मी मला आधी कधी वाटलो नव्हतो.

मग त्याने तो तुकडा भोकात घातला. ठोकला नाही. दाबला आणि फिरवला.

पाणी थांबलं.

थांबलं म्हणजे मागून समुद्र ढकलत होता. बर्लने खांदा लावला. तो एकटा पुरेना, तेव्हा चीफनी त्याच्या पाठीला पाठ लावून पाय टेबलाला रोवले. पाच तास दोघं तसेच बसले. स्फोट लांब जात होते, पुन्हा जवळ येत होते. मध्येच चीफ कुजबुजले, "हॅचर, तो घोडा मला छान जमला होता की नाही?"

"छान होता, चीफ. आयाळ फार सुरेख."

दुपारनंतर लुबिन्स्कीचा निरोप तोंडोतोंडी आला: ती निघून गेली. तिसरं जहाजही निसटलं होतं, पण त्याच्यावर आम्ही टॉर्पेडो सोडलेच नव्हते. ज्यांच्यावर सोडले, ती दोन्ही बुडाली होती. रीत पाळली गेली होती.

बंदर दिसायला लागलं त्या सकाळी मला वर नेलं ते चीफ क्रॉनिननी. बर्लच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, त्याला हात वर करता येत नव्हता. बांधण्याआधी चीफनी माझी एक काडी उपटली, तोंडात टाकली आणि बराच वेळ चावली.

"मीठ कमी आहे," ते खाली बर्लला म्हणाले. त्यांच्याकडून याहून जास्त माफी कोणाला मिळाली नसेल.

आणि मग, मित्रांनो, मी आकाश पाहिलं. पन्नास दिवस कडीला टांगलेला मी, अचानक सगळ्यांच्या वर होतो. खाली बँड वाजत होता, धक्क्यावर पांढऱ्या गणवेशांच्या रांगा होत्या, आणि वारा माझ्या काड्या विंचरत होता. कॅप्टन प्रुइट धक्क्यावर उतरले तेव्हा एका अॅडमिरलनी वर पाहून विचारलं, "हा कसला झाडू? दांडा कुठं आहे?"

"कामावर आहे, साहेब," कॅप्टन म्हणाले.

ते खरंच होतं. तो तुकडा अजून नळीतच होता. पुढे गोदीत नवी नळी बसवली. जुनी कापून काढताना तुकडा बोटभरच उरला आणि कामगार तोही फेकून देणार होते, पण चीफनी तो मागून घेतला. त्यांचा वजीर हरवला होता. त्या जागी, पटावर, त्यांनी तो उभा केला. कोणीतरी म्हणालं, यालाही कोरा की. चीफ म्हणाले, "याला चाकू लावायचा नाही. आहे तसाच राहील."

खांद्यामुळे बर्लला किनाऱ्यावर ठेवलं. बोट चौथ्या गस्तीवर निघाली तेव्हा गळ्यात हात बांधून तो धक्क्यावर उभा होता, आणि मी त्याच्या काखेत.

"नवा आचारी कसा आहे?" त्याने ओरडून विचारलं.

"आईस्क्रीमसाठी रडवेल आम्हाला," चीफ वरून म्हणाले. "लवकर बरा हो, मूर्खा. आणि माझा जुना वैरी नीट सांभाळ!" म्हणजे मला. त्यांनी खिशातून माझा दुसरा भाग काढून दाखवला. कॅप्टन प्रुइटनी टोपीला हात लावला. लुबिन्स्की हसत होता.

पॅडलफिश परत आली नाही. कोठे, केव्हा, कशाने, ते कोणालाच कळलं नाही. नौदलाने कागदावर लिहिलं, की परतण्याची मुदत उलटून गेली आहे. पण पाणबुडीची माणसं अशा बोटीला बुडाली म्हणत नाहीत. ती अजून गस्तीवर आहे, असं म्हणतात. बर्लही तसंच म्हणतो. तो आता साठीला आलाय, खांदा थंडीत दुखतो, आणि सकाळी पहिला पाव भट्टीत गेला की तो माझ्या कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवतो. रोज. घाई न करता.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी अर्धीमुर्धी, कोपऱ्यात पडलेली वस्तू असेल. ती टाकून देण्याआधी तिचा उरलेला भाग कुठे आहे, एवढं कोणाला तरी विचारा. आणि ज्याला विचाराल तो माणूस थोडा वेळ गप्प बसला, तर त्याला बसू द्या.

मागच्या आठवड्यात एक नवी मुलगी आली. दोन दात पडलेली, नाकाला साखर. तिने बोट दाखवून विचारलं, "याचा बाकीचा कुठंय?"

"कामावर आहे," बर्ल म्हणाला.

नेहमी मुलं एवढ्यावर जातात. ही गेली नाही. तिने थोडा विचार केला.

"मग त्याला सुट्टी कधी?"

बर्लने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हातातला चिमटा खाली ठेवला. माझ्या कापलेल्या टोकावरून एकदा अंगठा फिरवला.

"चीफना विचारून सांगतो," तो म्हणाला, आणि तिला एक डोनट जास्त दिला.